शालोमचा घड

नका बसू त्या पाटावर. पाट मांडला तेव्हा मला काय ठाऊक, तुम्ही कोण ते — आणि ती द्राक्षाची बी पायाखाली लपवू नका, दिसली मला. पाणी मागितलंत म्हणून विहिरीवर गेले, तेवढ्यात घडाला बांधलेली पिशवी सोडून अख्खा घड तोडलात? एक मणी चाखायला? आणि वर थुंकलात. आंबट हाय म्हणे. असंल आंबट, तुम्हाला कुणी वाढलं व्हतं?

मुंबईचे ना तुम्ही — गावोगाव हिंडायचं, द्राक्षं चाखायची, कुठं कसली दारू गाळतात ती प्यायची, हा शौक म्हणायचा की रिकामपण? नाशकाची भोकरी द्राक्षं झाली, फकडी झाली, आता कुणाला ठाऊक न्हाय असली द्राक्षाची जात पायजे, म्हणून आलात नागावात, आम्हा शनिवार तेल्यांच्या, म्हंजे यहुद्यांच्या, दारात. दारू हवी? आमची दारू म्हंजे शुक्रवारी सांजच्याला मनुका भिजवायच्या, कुसकरायच्या, प्रार्थना म्हणून घोट घोट घ्यायचा. ती तुम्हाला चालायची न्हाय. जातीचं नाव? ते शालोमला ठाऊक, माझ्या लेकाला. बसऱ्याला रेल्वेत व्हता, तिथनं ही काडी आणली वल्या गोणपाटात गुंडाळून, आपल्या हातानं लावली, आणि परत जाताना म्हणाला, आई, तीन वर्सं फळ धरू देऊ नको, आपल्या धर्मात चालत न्हाय — चौथ्या वर्साचा पयला घड मी येऊन तोडीन, त्याचाच रस शुक्रवारच्या प्याल्यात घालू. तीन वर्सं फुलोरा खुडला मी. कोकणात द्राक्ष जगतं व्हय, म्हणून शेजारची चंद्राबाई हसायची. जगवलं मी. मासळी धुतलेलं पाणी घालून जगवलं. यंदा एकच घड धरला, त्याला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, पाखरं खातील म्हणून. पाखरांनी न्हाय खाल्लं.

शालोम कुठं हाय म्हंजे? येणार हाय. त्याचं जहाज बुडालं म्हणतात — म्हणू देत, बघितलंय कुणी? दोन पावसाळे झाले, सगळी जमात येऊन सांगून गेली, रिबकाबाई, लेक गेला तुझा, रीतीपरमानं सात दिवस जमिनीवर बस, दुखवटा पाळ, मोकळी हो. न्हाय बसले. म्हटलं, घड येलीवर हाय तवर मी बसायची न्हाय, तोडणारा यायचाय अजून.

काय बघता? ठेवा तो घड वट्यावर. काडीबिडी काय मिळायची न्हाय. जा, फाटक लावून घ्या — आणि जाताना तो पाट उचलून भिंतीला लावा. मला जमिनीवर बसायचंय.