फोनवरचे दादा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मेंदूविभागाच्या प्रमुख सर्जन बाई, व्यासपीठावरील संचालक महोदय, मेट्रन बाई, सर्व डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, वॉर्डात, प्रयोगशाळेत, स्वयंपाकघरात आणि गाड्यांवर काम करणारे माझे सहकारी, आणि ड्यूटी सोडता येत नाही म्हणून दाराशी उभं राहून ऐकणारे तुम्ही सगळे, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याआधी चार वक्ते माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की मधेच मला वाटलं, या बाई आहेत तरी कोण, एकदा भेटायला हवं. संचालक साहेब म्हणाले, "बाई म्हणजे या हॉस्पिटलचा कणा." साहेब, आभारी आहे. पण कण्याची आठवण पाठ दुखल्याशिवाय कुणाला येते का? एरवी माझ्याकडे माणसं यायची ती प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून. आणि मला बारा महिने स्वेटरमध्ये बघून काहींचा समज झाला होता, की बाईंना जुनाट ताप आहे. ताप नव्हता हो. सर्व्हर रूममध्ये यंत्रांसाठी एसी लावतात, माणसांसाठी नाही, एवढंच.

सूत्रसंचालकांनी मला "दोन शब्द" बोलायला सांगितलं आहे. तळघरातल्या त्या खोलीत इतकी वर्षं मी एकटी बसले. तिथे बोलायची सवय मोडते. त्यामुळे आज थोडं जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मला एका रविवारबद्दल सांगायचं आहे. त्यातला अर्धा भाग अध्यक्षांना ठाऊक आहे. उरलेला अर्धा मी कधी कुणाला सांगितला नाही.

आपल्या हॉस्पिटलातले सगळे स्कॅन, एक्स-रे, सोनोग्राफी हे एका मोठ्या सर्व्हरवर साठवलेलं असतं. त्यात डिस्कची रांग असते. त्या डिस्कचा सांभाळ करणारं एक कार्ड असतं, त्याला स्टोरेज कंट्रोलर म्हणतात. आणि सर्व्हरला त्या कार्डाशी बोलता यावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर बिघडला, की डिस्क जागच्या जागी असतात, त्यांच्यातलं सगळं शाबूत असतं, पण सर्व्हरला त्या दिसत नाहीत.

कार्डाच्या कंपनीने कळवलं, की जुन्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे, कामाचा ताण वाढला तर एखादी डिस्क रांगेतून गळू शकते, नवा ड्रायव्हर घाला. रविवारी ओपीडी बंद असते, म्हणून मी रविवार ठरवला आणि फलकावर सूचना लावली, "रविवारी सकाळी ड्रायव्हर बदलण्यात येईल." त्याच दुपारी आपले अ‍ॅम्ब्युलन्सवाले काका, ते बघा, तिकडे हसतायत, जिना उतरून माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाई, माझं काय चुकलं ते तरी सांगा." त्यांना बसवून चहा पाजला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

तर रविवारी सकाळी मी बॅकअप तपासला, नवा ड्रायव्हर घातला आणि सर्व्हर परत सुरू केला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि त्याखाली एक ओळ आली. कार्ड म्हणत होतं, या डिस्क परक्या आहेत. कालपर्यंत स्वतःच सांभाळलेल्या डिस्कना ते ओळखेना. आणि पुढे विचारत होतं, यांची मांडणी आहे तशी स्वीकारू, की पुसून टाकू?

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. जो मुलगा बोलला, तो समोरचं वाचून बोलत होता. म्हणाला, "पुसून टाका मॅडम, मग नव्याने मांडणी करा." मी म्हटलं, "अहो, आत या गावातल्या अर्ध्या माणसांचे स्कॅन आहेत." तो म्हणाला, "बॅकअप असेल ना?" होता. पण तो सगळा परत भरायला दोन दिवस लागले असते, आणि तोवर त्यातला एकही स्कॅन उघडला नसता.

आणि नेमक्या तेव्हाच आजच्या अध्यक्षा जिना उतरून खाली आल्या.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई घरी चक्कर येऊन पडल्या होत्या. डोकं असह्य दुखत होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन इथेच झालं होतं. त्या दिवशीच्या स्कॅनमध्ये एक डाग दिसत होता. तो जुन्या ऑपरेशनचा व्रण होता, की नवीन काही उगवलं होतं? जुना स्कॅन शेजारी ठेवून बघितला तर लगेच कळलं असतं. आणि जुना स्कॅन माझ्या त्या परक्या झालेल्या डिस्कमध्ये होता.

"बाई, किती वेळ लागेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "मिळतील की नाही हेही आत्ता सांगता येत नाही."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत मी थांबू शकते. त्यानंतर मला अंदाजाने डोकं उघडावं लागेल." एवढं बोलून त्या वर गेल्या. अंदाजाने हा शब्द मात्र खाली माझ्यापाशी राहिला.

मी मदतकेंद्राच्या त्या मुलाला सांगितलं, तुमच्यातल्या जुन्या जाणत्या माणसाला द्या. फोनवर बराच वेळ तीच एक धून वाजत राहिली. मग एक भारदस्त, थोडा घोगरा आवाज आला. त्यांनी नाव सांगितलं असणार, नियमच असतो तो. पण पंख्यांच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही.

"ताई, सगळ्यात आधी कीबोर्डवरून हात काढा."

"काढले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आता घोटभर पाणी प्या."

"इथे पाणी आणायला बंदी आहे हो."

"मग बाहेर जाऊन प्या. सावकाश या. मी आहे."

मंडळी, माझे यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरी गेलं की कुलूप आपणच उघडायचं, दिवा आपणच लावायचा, आणि दिवसभरात काय झालं ते भिंतीला सांगायचं. "मी आहे" हे शब्द माझ्या कानावर कितीतरी दिवसांनी पडले होते, आणि तेही कधी न पाहिलेल्या माणसाकडून. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. नळाशी उभी राहून थोडी रडलेही. मग परत आले आणि वर थांबलेल्या त्या शिवणवाल्या बाईंचं त्यांना सांगितलं.

पुढचं सगळं त्यांनी पायरी पायरीने करून घेतलं. प्रत्येक वेळी म्हणायचे, "पडद्यावर काय दिसतंय ते आधी वाचून दाखवा, मग बोट लावा." आम्ही पुसून टाकण्याचा पर्याय सोडला आणि आहे ती मांडणी स्वीकारली. कार्डाने डिस्क आपल्या म्हटल्या. पण सर्व्हरला त्या अजूनही दिसेनात, कारण नवा ड्रायव्हर आणि कार्डातला जुना मूळ प्रोग्रॅम यांचं जमत नव्हतं. कार्डातला प्रोग्रॅम आधी बदलायला हवा होता आणि ड्रायव्हर नंतर. कंपनीच्या सूचनेत हा क्रम लिहिलाच नव्हता. "ही चूक आमच्याकडची आहे, ताई," ते सरळ म्हणाले. "आज जुन्याच ड्रायव्हरवर परत जाऊ. तुमच्या पेशंटचं होऊ दे. क्रमाने नंतर करू."

पेनड्राइव्हवरून मी जुना ड्रायव्हर घातला. सर्व्हर पुन्हा सुरू केला. फोनमध्ये त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग पहिल्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकला. मग दुसरीचा. मग पूर्ण रांग.

"लागले," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

"जा मग. वर पळा."

मी जिन्याने धावत गेले. त्या वयात, या गुडघ्यांवर! अध्यक्षांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले, आणि मी दारात उभी राहिले. डाग तोच होता. जागा तीच, आकार तोच. व्रण होता तो. डोकं उघडायची गरज नव्हती. दुखणं वेगळंच निघालं, औषधाने आटोक्यात आलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या बाई आपल्या पायांनी चालत घरी गेल्या. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या लगेच पेशंटकडे वळल्या. बरोबरच होतं ते. त्यांचं काम तिकडे होतं.

मी घरी आले. असं काही झालं की माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, नाही का? मी बहिणीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "दिसायला लागलं ना? मग झालं तर." आणि तिच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला. तिचं काय चुकलं? डिस्क दिसल्या, यात सांगण्यासारखं असतं तरी काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर रूममधला फोन वाजला. तोच घोगरा आवाज.

"ताई, डिस्क कशा आहेत?"

"ठीक आहेत."

"आणि त्या शिवणवाल्या बाई?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "फार बरं झालं. आज घरी गेलो की सांगतो..." आणि थांबले. मग हसले. "घरी आहे कोण म्हणा सांगायला."

"मला सांगितलंत ना," मी म्हटलं.

त्यानंतर किती वर्षं गेली! प्रत्येक वेळी नवा ड्रायव्हर आला, की मी फोन करायची आणि "दादांना द्या" म्हणायची. तिकडे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आधी कार्डाचा प्रोग्रॅम, मग ड्रायव्हर, मग सर्व्हर बंद-चालू. तो चालू होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात आमच्या गप्पा. त्यांच्या खिडकीबाहेर एक झाड होतं, ते रस्त्यासाठी तोडलं, ते त्यांनी सांगितलं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांच्या लक्षात असायची. तुमच्यापासून काय लपवायचं, कधी कधी मी जे विचारायची, त्याचं उत्तर मला येत असायचं. त्यांनाही ते कळायचं. म्हणायचे, "ताई, हे तुम्हाला येतं." मी म्हणायची, "येतं." "बरं, तरी सांगतो."

नाव मात्र विचारायचं राहून गेलं. पहिल्याच दिवशी "अहो, नीट ऐकू आलं नाही" म्हटलं असतं तर झालं असतं. पुढे दादा म्हणायची सवय पडली, आणि इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने विचारणार?

गेल्या वर्षी नवा ड्रायव्हर आला तेव्हा मी नेहमीसारखा फोन लावला. तिकडे एक नवीन मुलगी होती. अगदी गोड बोलणारी. मी म्हटलं, "दादांना द्या."

"कोण दादा, मॅडम?"

"तुमच्याकडचे जुने. आवाज जरा घोगरा आहे त्यांचा."

"आमची सगळी टीम नवीन आहे, मॅडम. पण नाव सांगा, मी शोधते."

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"मॅडम, नाव?"

"राहू दे," मी म्हटलं.

ते निवृत्त झाले, दुसरीकडे गेले, आजारी पडले की आणखी काही, कोण सांगणार? मी तो ड्रायव्हर एकटीने घातला. सगळं बिनचूक झालं. दिवे हिरवे झाले. आणि त्या थंडगार खोलीत मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले. पलीकडे नुसता टूं आवाज येत होता.

या समारंभासाठी कार्यालयाने मला घरच्या पाहुण्यांसाठी दोन निमंत्रणपत्रिका दिल्या होत्या. एक बहिणीला पाठवली. तिचे गुडघे तिला येऊ देत नाहीत, पण तिने ती कपाटाच्या काचेत लावली आहे म्हणे. दुसरी पत्रिका मी टेबलावर ठेवली, पेन उघडलं, आणि काय लिहावं ते मला कळेना. ती कोरी पत्रिका आत्ताही माझ्या पर्समध्ये आहे.

असो. आनंदाच्या प्रसंगी मी हे काय घेऊन बसले!

माझ्या जागी येणाऱ्या दोघांना काम मी नीट समजावून दिलं आहे. ते दोघं आहेत, याचा मला फार आनंद आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मिळून अपडेट केलं. मी काचेबाहेर उभी होते. आत दोघं कशावरून तरी वाद घालत होते, हसत होते. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलवायची गरजही पडली नाही. बाळांनो, तुमच्या बोटांना यश येवो. आणि तुम्हाला मदत करणाऱ्याचं नाव पहिल्याच फोनला विचारून घ्या.

आता निरोपाचं. अध्यक्षांचे आभार, त्या रविवारी मला घाई न केल्याबद्दल. संचालक साहेबांचे आभार, मला खोली गारठलेली पण स्वतंत्र दिल्याबद्दल. काकांचे आभार, अजून माझ्याशी बोलतात म्हणून. इतक्या वर्षांत फोनवर कुणावर खेकसले असेन, कुणाचा प्रिंटर ताटकळत ठेवला असेन, आज बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर ते पोटात घाला.

उद्यापासून सर्व्हर रूमचा फोन माझा नाही. माझा घरचा नंबर मेट्रन बाईंकडे आहे. ड्रायव्हरसाठी नका करू, त्यासाठी आता माणसं आहेत. पण कधी दुसऱ्याच कुणाला लावताना चुकून माझा लागला, तर "सॉरी, राँग नंबर" म्हणून लगेच ठेवू नका. थोडं बोला. मी आहे.

नमस्कार.