राजेसाहेबांचं तोंड

...आणि त्याला हार घालतात हो! मी जिवंत असताना! तुम्हाला सांगतो, वाचनालयाच्या भिंतीवरच्या तसबिरीतले ते राजेसाहेब... तलवार त्यांची, मोत्यांचे सर त्यांचे, मखमली खुर्ची त्यांची, तोंड मात्र माझं! शहाऐंशी साली वाळवीनं नेमकं तोंडच खाल्लं. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या मोतीलाल पेंटरकडे दिलं दुरुस्तीला. राजेसाहेबांचा दुसरा फोटो कोणाकडे असणार? त्यानं मलाच बसवलं स्टुलावर. "हिलालभाऊ, हसायचं नाही!" आता मला हसू नको म्हणणं म्हणजे... ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं, तसाच रंगवला मेल्यानं! मी आपली मनातल्या मनात मजा घेत होतो. पण तेव्हापासून तो माझ्याकडेच बघतो!

गेल्या पुण्यतिथीला एक प्राध्यापक आले, चष्मा कपाळावर. "पाहा, मागचा काळा पडदा म्हणजे मावळतं राज्य. हात तलवारीवर, पण मूठ सैल. आणि ते मिटलेले ओठ, ते पाणावलेले डोळे... या माणसानं स्वतःचा मृत्यू पाहिलाय!" उदबत्तीचा धूर भिंतीवरच्याच्या नाकाशी गेला, अन् शिंक कोणाला? मला! तुम्हाला सांगतो, तो माझ्याकडेच बघत होता.

पितांबर शिपायाला म्हटलं, काढ रे तो हार, जित्या माणसाच्या तोंडाला घालतात का? "नाना, मेहरूणच्या तळ्यात मगर आली अशी थाप मारून सगळ्यांना पळवलं ते तुम्हीच ना? बसा गुपचूप!" मोतीलाल बोलला असता, पण तो आधीच गेलेला. मग साक्षीला कोण? बायको! लग्नापासून हेच तोंड बघतेय ना! द्रौपदाबाईला पिंप्राळ्याहून रिक्षात घालून आणलं. बघत राहिली, बघत राहिली... मग डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "हाऊ तुम्ही नही. हाऊ माणूस कितला शांत शे!"

झालं! हा मी नव्हेच म्हणे! आता दाढी करायला आरसा धरला की आरशातूनही तोच बघतो. वाटतं, खरा तो, अन् वाळवीनं खाल्लेले आपण!

यंदा पुण्यतिथीला झेंडूचा हार मीच नेला. पितांबर म्हणे, "नाना, तुम्ही?"

म्हटलं, हो बाबा... मयताला घरचं कोणीतरी नको का?