सव्वीस कवचांचा मासा

मस्कतजवळच्या अल खौदच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या सुगंधाबाईंचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

“अम्मी, ब्राझीलच्या त्या चिलखती माशाला माझे गाइड सर स्वतःचं नाव द्यायला सांगतायत.”

“नवी जात आहे, हे ओळखलं कोणी?”

“मी. बाकीच्यांच्या कुशीला चोवीस कवचं, याच्या सव्वीस. सरांनी नमुन्याची बरणीसुद्धा उघडली नाही.”

“मग तोंड कशाला पाडतेस?”

“नाही म्हटलं तर सही देणार नाहीत. पेपर अडेल.”

“अडू दे! मुनिबा, रत्नागिरीच्या बाजारात माझ्या पाटीशेजारी बसून मासे ओळखायला शिकलीस तू. मासा सापडला तिथल्या नदीचं नाव दे त्याला. यल्ला, चल, लाव सरांना फोन.”

“इथं? सगळे ऐकतील.”

“ऐकू देत की!”

तेवढ्यात नर्सनं सुगंधाबाईंचा नंबर पुकारला.

“पुढच्याला सोडा,” त्या म्हणाल्या.