मध्यंतरापर्यंतचं स्थळ

चित्रपट महोत्सवात मध्यंतर झालं. चहाच्या रांगेत एका शाळकरी पोरीच्या पुढेच एक प्राध्यापक आणि एक दातांची डॉक्टर उभे होते. दोघांच्या आयांनी ठरवून त्यांना एकत्र पाठवलं होतं आणि होकार की नकार ते आजच घरी सांगायचं होतं. पोरीने कान टवकारले. चहा गेला खड्ड्यात!

"केवढ्यांदा हसलात तुम्ही! लोक वळून बघत होते," प्राध्यापक म्हणाला.

"महापौर खुर्चीसकट तळ्यात पडतो हो! हसू नको?"

"तो सत्तेचा अधःपात आहे. एवढा थोर दिग्दर्शक उगाच कुणाला तळ्यात पाडत नाही."

"मला त्याचं हेच तर आवडतं. युद्धाच्या चित्रपटात त्याने मला ढसाढसा रडवलं, मुलांच्या चित्रपटात एका गाढवाच्या प्रेमात पाडलं आणि आज हसून हसून पोट दुखतंय. तुम्हाला कुठला आवडला?"

"युद्धाचा. तेवढाच पाहिलाय."

"अहो, त्याच्यावर पुस्तक लिहिताय ना?"

"एक पाहिला की माणूस कळतो. बाकीचे बघणं म्हणजे वेळ दवडणं."

"हे मात्र अगदी पटलं. आपलीही पहिलीच भेट आहे."

"म्हणजे होकार समजू?"

पोरीने ओठ घट्ट दाबून धरले.

"घंटा झाली. तुम्ही बसा तिकडे, मी पुढे बसते. तिथली मंडळी खळखळून हसतायत."

"अहो, पण घरी काय सांगू?"

"सांगा, दोघांत मिळून एकच जण हसतं. एवढ्यावर संसार भागायचा नाही."