चाकाच्या मधापासनं मडगार्डाच्या कडेपतुर

आमी मूळचे कामशेतचे. अब्बा कमानपाट्याचं काम करायचे. ट्रकाच्या चाकावर लोखंडाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक असतात न्हाई का, तेच पाटे, ते भट्टीत लाल करायचे आणि हातोड्यानं पुन्हा कमान द्यायची, हा धंदा. तवा सगळे ट्रक जुन्या हायवेनंच खंडाळ्याचा घाट चढायचे, रोज कुणाचा तरी पाटा मोडायचा, अब्बांना जेवायला फुरसत न्हवती. मग नवा रस्ता झाला, ट्रक तिकडनं गेले आणि आमच्या दारात कुत्रं बसाया लागलं. अब्बा त्याच दुखण्यानं गेले म्हणा. मग माझा थोरला भाऊ गफूर, आमी त्याला भाई म्हणतो, त्यानं लोणावळ्याच्या अलीकडं पत्र्याचं ग्यारेज टाकलं, आणि मी, रफिक, त्याच्या हाताखाली. हाताखालीच. पाटी भाईची, काम माझं.

आता गिऱ्हाईक कोण, तर पुण्या-मुंबईचे हौशी लोक. पावसाळ्यात चिखलात जीपा घालायच्या, दगडावर चढवायच्या, अडकल्या की फोटो काढायचे. त्यांना गाडी उंच लागती, म्हणून लिफ्ट. लिफ्ट म्हंजे काय सांगू तुमाला, चाक हाय तितंच ठेवून वरचं धूड उचलायचं. आणि किती उचललं ते मापायची एक रीत हाय. टेप लावायची चाकाच्या मधावर आणि सरळ वर न्यायची मडगार्डाच्या कडेपतुर. जुने पाटे काढायच्या आदी येकदा मापायचं, नवे बसवल्यावर पुन्यांदा, मधला फरक ती लिफ्ट. जमिनीपासनं मापायचं न्हाई. टायर मोठा घातला की जमिनीपासनं माप आपसूक वाढतं, ती लिफ्ट न्हाई, तो टायर हाय. आणि जॅकवरनं उतरवल्या उतरवल्या बी मापायचं न्हाई, नवा पाटा ताठ असतो, गाडी सपाट जागेवर घ्यायची, हलवायची, एक चक्कर मारून आणायची, मग टेप. मी माप घेतलं की खडूनं तितंच मडगार्डावर लिहायचो. ते आकडे माझेच, सगळ्यांना म्हाईत, भाईनं कधी खडू हातात धरला न्हाई.

दत्तू तुमाला सांगायचा ऱ्हायला. आंदर मावळातला, एसटी जितं संपती त्याच्याबी पुढं चालत जायचं असं त्याचं गाव. भातखाचरं, म्हशी आणि हा एकटा पोरगा. जीप चालवावी तर त्यानंच. पाटे बसवले की त्याच्या गावाकडच्या उतारावर गाडी तो चालवून बघायचा आणि येऊन मला सांगायचा, रफ्या, डाव्या बाजूला ओढ खातीय बघ. भाऊ भाऊ म्हणतात ते काय असतं मला दत्तूनं दाखवलं, घरच्यानं न्हाई. ईदला तो पहिला यायचा, आणि मी त्याच्या खाचरात भाताच्या आवणीला वाकायचो, त्याची आई मला म्हणायची, ह्यो माझा दुसरा.

तर एक गिऱ्हाईक आलं, जुनी जीप घेऊन, बोलायला गोड, पण चार इंच म्हंजे चार इंचच पायजे. तिकडं कुटं तरी शर्यत व्हती त्यांची, शनवारी. मी पाटे बसवले, चक्कर मारून आणली, टेप लावली, पुढं तीन भरले. मडगार्डावर आदीचं माप आणि तीन लिहिलं. भाई म्हणला चार हाय. मी म्हणलं कुटं हाय चार. तर त्यानं जमिनीपासनं टेप लावली आणि दाखवतोय मला, पाटेवाल्याचा पोरगा असून. मी म्हणलं भाई, टायर मोजतोयस तू. तर म्हणला, मग पुढं ठोकळा टाक.

ठोकळा म्हंजे लोखंडाचा तुकडा, पाटा आणि चाकाचा दांडा ह्याच्यामधी घालायचा, की गाडी तेवढी वर. मागं चालतो. पुढं न्हाई टाकायचा, कदीच न्हाई. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं येतं, ठोकळा फिरतो, दांडा पिळतो आणि चाक नेईल तिकडं गाडी जाती. अब्बांनी आमाला शिव्या देऊन देऊन शिकवलेलं, दोघांनाबी. मी म्हणलं मी हात लावणार न्हाई, नवे पाटे मागवू, गिऱ्हाईकाला थांबायला सांग. भाई म्हणला, तू मालक हाईस का? मी म्हणलं न्हाई, आणि मला लय राग आला, शुक्रवार व्हता, मी नमाजला निघून गेलो.

आलो तर गाडी न्हाई. खाली फरशीवर मी बसवलेले पुढचे बोल्ट पडलेले, आखूड. लांब बोल्ट फक्त ठोकळा टाकला तरच लागतात. मी भाईकडं बघितलं, तो हात धूत व्हता. म्हणला दत्तू आलता, घेऊन गेला चालवून बघायला. मी म्हणलं, ठोकळ्याचं सांगितलंस त्याला? त्यात काय सांगायचं, म्हणला. मी फोन लावत सुटलो, पण तिकडं डोंगरात रेंज कुटली? मोटरसायकल काढली आणि गेलो. उताराच्या वळणाला माणसं जमलेली दिसली तवाच मला कळलं. ब्रेक दाबला, पुढचं चाक आडवं झालं, जीप बांधावरनं खाली खाचरात, आणि दत्तू तिच्याखाली.

वाचला. वाचला म्हणायचं. कंबरेखालचं गेलं.

दवाखान्यात सगळी जमली. दत्तूच्या आईनं इचारलं, गाडी कुणी बांधली? आणि भाई, माझा सख्खा भाऊ, अम्मीच्या एका कुशीतला, सगळ्यांच्या देखत म्हणला, पाटे तर रफिकच बसवतो, हे आख्ख्या मावळाला म्हाईत हाय. एवढंच.  मी म्हणलं, चला, जीपपाशी चला, माझे आकडे हाईत मडगार्डावर, आदीचं माप आणि तीन, टेप लावू, चार भरतील, मग कळंल माझ्यानंतर कुणी हात लावला. गेलो बी माणसं घेऊन. तर दोन्ही मडगार्डं चेपून आत गेलेली, खडूवर चिखल, आणि जितनं मापायचं ती कडाच उरली न्हाई. माणसं माझ्याकडं बघून परत फिरली. त्या गिऱ्हाईकानं मिटवामिटवी केली आणि जीप भंगारात गेली.

रातीला भाई मला म्हणला, माझ्या दोन पोरींची लगनं व्हायचीत, तू एकटा जीव, तुजं काय जातंय? तुजं काय जातंय म्हणला! माजं काय गेलं ते मी त्याला अजून सांगतोय.

दत्तूच्या दारात गेलो तर म्हातारीनं चुलीतलं लाकूड घेऊन मला आळीच्या टोकापतुर हाकललं. ती मला दुसरा म्हणायची. दत्तू आतनं म्हणला, आई, असू दे, पण त्याला सांग पुन्हा येऊ नको म्हणावं. मी जायचा ऱ्हायलो न्हाई. आळीच्या टोकाला उभा ऱ्हायचो. पोरं खडे मारायची, मारू द्यायचो.

मग भाईला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं शाबूत, डावा हात चालतो, ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त बोलता येत न्हाई. भाभी मशिनीवर कपडे शिवती, दुपारचं त्याला भरवायला मी. मला तवा वाटलं, आता हा अल्लाला भिईल. मी दत्तूला निरोप धाडला, एकदाच ये, तुज्या तोंडानं त्याला इचार, त्यानंतर तुला माजं तोंड दिसणार न्हाई. आणि दत्तू आला हो. चुलतभावाच्या टेम्पोतनं, खुर्चीवर उचलून आणला. म्हणला, मलाबी ते तुज्यावर धरून जगवत न्हाई, खरं करून घेऊ दे.

पलंगाजवळ खुर्ची ठेवली. दत्तूनं इचारलं, गफूरभाई, पुढं ठोकळं कुणी टाकलं? हातानं दावा. भाई लय वेळ त्याच्या पायाकडं बघत ऱ्हायला. डोळ्यातनं पाणी आलं. मला वाटलं आता. तवा दोघी पोरी चहा घेऊन दारात आल्या, त्यानं त्यांच्याकडं बघितलं, आणि डावा हात उचलला, सावकाश, आणि बोट माझ्याकडं केलं.

दत्तू म्हणला, झालं समाधान? आणि चुलतभावानं त्याला उचलून नेला. चहा तसाच ऱ्हायला.

त्याला आता बरेच दिस झाले. मोठीचं लगीन झालं, धाकटीचं ठरलंय. ग्यारेज मीच बघतो, गिऱ्हाईक येतं, लोक म्हणतात मापाला पक्का हाय पण हातानं माणूस अधू केला. दत्तूकडं जात न्हाई, तसा शब्द दिलाय. भाईला अजून मीच भरवतो. दुपारी टोपातनं काढलेला कढत वरणभात, तसाच घास त्याच्या तोंडात. आदी फुंकर मारून द्यायचो, आता न्हाई मारत. डोळ्यात पाणी येतं त्याच्या, वरडता येत न्हाई. भाभी म्हणती, रफिक, तुमी म्हणून करता, अल्ला तुमाला देईल. मी म्हणतो, मला काय नको भाभी, भाईला आयुष्य दे म्हणावं. लय दे म्हणावं. नमाजला रोज तेवढंच मागतो.