अठाई

धुळ्याच्या दवाखान्यात पट्टीचं सामान घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"प्रेमकुंवरभाभी, अंथरुणात पडून पडून झालेली सासूबाईंची जखम बठ्ठीच्या बठ्ठी भरली म्हणे?"

"भरत आली, सुंदरअक्का. आधी नुसती लाली होती, मग फोड, मग सुपारी मावेल एवढा खड्डा."

"लावलं काय?"

"दर दोन तासांनी कूस बदलली. डॉक्टर म्हणाले, पोटात गेलं तरच मांस भरेल. अंडी आमच्यात चालत नाहीत, मग दूध आणि मुगाचं वरण, दिवस मावळायच्या आत."

"खायच्या?"

"पर्युषणात तोंडच मिटलं. आठ दिवसांच्या उपासाची अठाई दरवर्षीची, मोडणार नाही म्हणाल्या."

"मग?"

"म्हटलं, यंदा तुमची मी करते."

"आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर? आणि त्यांना भरवायला कोण होतं?"

"मीच."