साहेबांचं बटन

"लई शाणा ना तू? मग भर सभेत नगरसेवकाला विचार, मॅडमचा अहवाल वाचला का," सोन्या म्हणला. मी येड्यासारखा हां म्हणलो.

आमच्याकडं नशेच्या गोळीला बटन म्हणतेत. सोन्याचा भाऊ त्यातच अडकलाय. कॉलेजच्या मॅडमनी पुंडलिकनगरातल्या पोरांचा अभ्यास करून लिहिलं होतं, पोस्टरनं बटन सुटत नाय; संध्याकाळी शाळेचं मैदान उघडा.

वॉर्डाच्या सभेत मी उठलो. "साहेब, मॅडमनी बटनाचं लिहिलंय. वाचलं का?"

"वाचलं की! मतदानाला बटन आपलंच दाबायचं, बाळा!"

सगळे खदाखदा हसले. सोन्या नाय हसला. "साहेब, बटन म्हंजी नशेची गोळी. माझा भाऊ खातो."

साहेबांनी माईक बाजूला केला.

"नाय वाचलं रे. नशामुक्तीचे पोस्टर तर आधीच छापून टाकले."